स्टुडिओतले जुने फिल्म कॅमेरे विकायचेत, भाव कसा काढायचा?

पेठेतली_लेक

आमचा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला फोटो स्टुडिओ या दिवाळीला बंद होतोय. बाबांना आता जिना चढवत नाही, आणि पासपोर्ट फोटोंवर दुकानाचं भाडंही सुटत नाही. फर्निचर, काउंटर, पडदे यांचं ठरलंय. अडलंय ते कॅमेऱ्यांवर.

सामान असं आहे: याशिका मॅट १२४जी. निकॉन एफएम२, सोबत ५० एमएम १.८ आणि १०५ एमएम २.५. मामिया आरबी ६७, ९० ची लेन्स, दोन बॅक (फिल्म भरून मागे लावायचे डबे). मेट्झ ४५ फ्लॅश. एनलार्जर (निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचं यंत्र) आणि त्यावरची एल-निकॉर लेन्स. शिवाय आजोबांच्या वेळचा भात्याचा लाकडी कॅमेरा, 'वागीश्वरी' अशी पट्टी असलेला. त्याच्या पितळी लेन्सवर 'डालमायर लंडन' कोरलंय.

परगावचे एक व्यापारी येऊन गेले. सगळं दहा मिनिटांत पाहिलं आणि एकगठ्ठा आकडा सांगितला. बाबा भिडस्त, ते 'बघू' म्हणाले. मी नेटवर पाहिलं तर एकाच याशिकाला एक जण जो भाव सांगतो, त्याच्या चौपट दुसरा सांगतो. मला कुणाला लुटायचं नाही आणि बाबांनाही लुटू द्यायचं नाही. वाजवी भाव काढायची रीत कोणी सांगेल का?

तांबडापांढरा

ताई, एकगठ्ठा अजिबात देऊ नका. दहा मिनिटांत आकडा सांगणारा माणूस त्यातल्या एका-दोन वस्तूंचाच भाव धरून बोलतोय. बाकीचं त्याला वरकड म्हणून पाहिजे.

एफ_आठ

सगळ्यात आधी एक करा. नेटवर दिसणाऱ्या 'मागितलेल्या' किमती बघणं सोडा. मागायला काय, कोणीही काहीही मागतं. तोच कॅमेरा त्याच भावाला महिनोन् महिने तिथेच पडून असतो. ईबेवर डावीकडे फिल्टरमध्ये 'सोल्ड आयटेम्स' असतं, ते लावा. मग खरंच विकल्या गेलेल्या वस्तू दिसतात. त्यातली सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त बाजूला ठेवा आणि मधल्यांवर नजर फिरवा. तिथेही वर्णन नीट वाचा. 'चालू, तपासलेला' आणि 'तपासलेला नाही' या दोघांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो. जपानी विक्रेते 'एक्सलंट प्लस ५' वगैरे लिहितात, त्यावर जाऊ नका, खाली बुरशीबद्दल काय लिहिलंय ते बघा.

परदेशातला आकडा सरळ रुपयांत करून इथे लावता येत नाही. बाहेरून मागवणाऱ्याला टपालखर्च आणि सीमाशुल्क पडतं, वर वस्तू बिघडलेली निघाली तर परत पाठवायची कटकट. म्हणून इथे हातात घेऊन बघता येणारा चालू कॅमेरा कधीकधी परदेशी भावाच्या बरोबरीनेही जातो. उलट लाकडी कॅमेऱ्यासारख्या वस्तूला आपल्याकडे गिऱ्हाईकच मोजकं, तिथे परदेशी आकडा इथे मिळेलच असं नाही.

आता हिशोब. आकडे फक्त रीत कळावी म्हणून घेतोय. समजा चालू स्थितीतल्या एका मॉडेलच्या विक्रीचा मधला भाव २०,००० निघाला. तुमच्याकडच्याचा फोम (उजेड आत शिरू नये म्हणून लावलेला) गेलाय, शटर सुस्त आहे, सर्व्हिसिंगला ४,००० लागतील. घेणाऱ्याला आणखी काही निघेल ही धास्ती, तिचे १,५०० सोडा. उरले १४,५००. हा थेट वापरणाऱ्याला विकायचा भाव. दुकानदाराला दिलात तर तो साधारण याच्या निम्मे ते साठ टक्के देईल, म्हणजे ७,२५० ते ८,७००. त्यात तो लबाडी करतोय असं नाही. त्याला दुरुस्ती, जागा, अडकलेला पैसा आणि वर नफा हे सगळं त्यातूनच काढायचं असतं.

प्रत्येक वस्तूला असा स्वतंत्र कागद करा. सगळ्यांची बेरीज आणि व्यापाऱ्याचा आकडा शेजारी ठेवलात की एकगठ्ठ्यात काय चाललंय ते दिसेल.

डेक्कनवाली

वर सगळे एकेक विका म्हणतायत, मला तितकं पटत नाही. वडिलांचं वय, दिवाळीची मुदत, आणि रोज येणारे 'लास्ट किती?' असले मेसेज. एकेक वस्तू विकायची म्हणजे फोटो, वर्णन, पॅकिंग, फोन, परत आलेली वस्तू. माझ्या काकांचं सामान आम्ही पुण्यात एका दुकानदाराला सगळं दिलं, कमी मिळाले, पण आठवड्यात घर मोकळं झालं आणि काकूंना तो ताप झाला नाही. वेळेलाही किंमत असते, ती हिशोबात धरा.

एफ_आठ

@डेक्कनवाली, धरावीच. पण आधी भाव माहीत असला तर किती सोडतोय ते कळून सोडता येतं. निर्णय एकगठ्ठ्याचाच झाला तरी कागद करायचे कष्ट वाया जात नाहीत.

उद्यमनगरी

मी कॅमेरे दुरुस्त करतो, आता फार येत नाहीत तरी हात सुटलेला नाही. भाव ठरतो स्थितीवर, आणि स्थिती घरी बसून बरीचशी तपासता येते. पेठेतल्या ताईंनी असं करावं.

एफएम२: मागचं झाकण उघडा. शटरच्या पात्या कुठे चेपल्यात का बघा, पण बोट लावू नका. १ सेकंदावर उडवून ऐका, मग अर्धा, पाव, असं वर जा. प्रत्येक वेळी आवाज निम्म्याने आखूड होत गेला पाहिजे. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घेतलंत तर कमी वेग बरेच नेमके मोजता येतात. १/४००० कानाने किंवा मोबाइलने कळत नाही, त्याला रोलच टाकावा लागतो. या कॅमेऱ्याचं शटर पूर्ण यांत्रिक आहे, सेल फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला लागतो. म्हणून मीटर बंद असला तरी कॅमेरा मेलेला नाही, भाव थोडा उतरतो इतकंच. कॅमेऱ्यावर कोरलेल्या नंबराच्या आधी इंग्रजी एन असेल तर तो १९८४ नंतरचा सुधारित, फ्लॅशला १/२५० चालणारा. हे जाहिरातीत लिहा, घेणारे विचारतातच. आरशाजवळचा आणि झाकणाच्या खाचेतला काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटत असेल तर तो गेलाय. बदलायचं काम स्वस्तातलं आहे, पण घेणारा त्यावरून भाव पाडतो.

याशिका: दोन लेन्सपैकी खालची फोटो घेते, वरची फक्त बघायला. वरच्या लेन्समध्ये बुरशी असली तर फोटोला काही होत नाही, खालचीत असली तर भाव निम्म्यावर येतो. हे न सांगता 'लेन्समध्ये बुरशी' एवढंच लिहिलंत तर स्वतःचंच नुकसान. कमी वेगावर शटर अडखळतंय का बघा, जुनं वंगण घट्ट होऊन तसं होतं. सेल्फ टायमरच्या वाटेला जाऊ नका, जुन्या शटरमध्ये तो अडकला की सगळंच अडकतं. मीटर मूळ १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा. ते सेल आता बनत नाहीत. १.५ चा सेल घालून काटा हलला म्हणजे 'मीटर चालू' एवढंच म्हणा, 'मीटर अचूक' म्हणू नका.

मामिया: यात बिघडण्यासारखं कमी. भात्याला भोक आहे का ते अंधाऱ्या खोलीत आतून टॉर्च लावून बघा. बॅकचे सील बघा. डार्क स्लाइड (फिल्मवर उजेड पडू नये म्हणून बॅकमध्ये सरकवायची पत्र्याची पट्टी) दोन्ही बॅकच्या आहेत ना? स्लाइड नसलेली बॅक निम्मी बॅक.

रंकाळ्याचा_वारा

+१. बुरशीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण आपल्याकडचा पावसाळा. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि समोरून तिरकं बघा. धुळीचे ठिपके सगळ्याच जुन्या लेन्समध्ये असतात, त्यांना भिऊ नका. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले दिसले तर बुरशी. सगळीकडे दुधाळ पडदा दिसला तर हेझ. दोन्ही साफ होतात, पण बुरशीने कोटिंग खाल्लं असेल तर साफ केल्यावरही खूण राहते. आणि कॅमेरे चामड्याच्या केसमध्ये असतील तर आजच बाहेर काढा. चामडं ओल धरून ठेवतं.

दुसरं, २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर बाहेरगावचे गिऱ्हाईक कोल्हापूर-सांगली म्हटलं की 'पाण्यातलं आहे का' विचारतात. मला दोनदा विचारलंय. राग मानू नका, स्पष्ट लिहून टाका. पाण्यात गेलेला कॅमेरा वरून चकचकीत करता येतो, आतल्या स्प्रिंगांना गंज धरतो तो महिन्या-दोन महिन्यांनी कळतो.

पेठेतली_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबा आणि मी टॉर्च घेऊन बसलो. स्टुडिओ पहिल्या मजल्यावर, पाणी कधीच आलेलं नाही.

१०५ एकदम स्वच्छ. ५० मध्ये कडेला जाळी आहे. याशिकाच्या वरच्या लेन्समध्ये बुरशी, खालची साफ, १ सेकंदाला शटर रेंगाळतं. एफएम२ च्या नंबराआधी एन आहे, मीटर चालू, फोम चिकट. मामियाच्या भात्याला भोक नाही, दोन्ही स्लाइड आहेत. याशिकाचं हूड आणि फिल्टर डब्यात सापडले. पितळी लेन्सवर 'रॅपिड रेक्टिलिनियर' असंही कोरलंय, लेन्स अन् लाकूड दोन्ही काळपट पडलेत. ते पितांबरीने घासून मग फोटो काढू का?

सिल्व्हर_हॅलाइड

नको! घासू नका! पितळेवरचं मूळ लॅकर निघून गेलं की जाणकार घेणारा पाठ फिरवतो. लाकडालाही पॉलिश नको. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, बास.

खरीकॉर्नर

डालमायर! ताई, मी नेटवर डालमायरच्या पितळी लेन्स लाखांत गेलेल्या पाहिल्यात. आणि आपल्या गावाचा इतिहास बघा. बाबूराव पेंटरांनी इथेच स्वतःचा कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० ला आला, १ जून १९२९ ला प्रभात इथेच सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा स्तंभ आम्ही रोज बघतो. कंपन्या उठल्यावर कितीतरी सामान गावातल्या स्टुडिओंमध्ये गेलं असणार. तुमची लेन्स त्यातली असली तर? आजोबा कधी काही बोलले होते का?

सिल्व्हर_हॅलाइड

खरीकॉर्नर, तुमची तळमळ कळते, मलाही तसं निघालं तर आनंद होईल. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवू.

डालमायरच्या सगळ्या लेन्स एका भावाच्या नाहीत. लाखांच्या गोष्टी ऐकू येतात त्या मोठ्या पोर्ट्रेट लेन्सच्या, '३बी' वगैरे. त्यांना मोठं छिद्र आणि मागच्या धूसरपणाला एक वेगळीच गोडी. रॅपिड रेक्टिलिनियर ही डालमायरनी १८६६ साली आणलेली रचना, छिद्र एफ ८ च्या आसपास. ती इतकी चालली की पुढे कितीतरी कंपन्यांनी तीच बनवली. लेन्स उत्तम, पण दुर्मीळ नाही. तिचा भाव तिच्या मापावर, काचेच्या स्वच्छतेवर आणि बसवायची पितळी चकती सोबत आहे का यावर ठरतो.

फिल्म कंपनीचं म्हणाल तर ही लेन्स मोठ्या काचेच्या प्लेटसाठी, सिनेमाच्या कॅमेऱ्यावर तिचं काम नाही. सेटवर स्थिरचित्रं काढायला कोणी वापरली असेल, नाही असं नाही. पण बिल, पत्र, त्या कॅमेऱ्यासोबतचा जुना फोटो असं काही हातात असेल तरच त्या इतिहासाचा भाव मागता येतो. घरात ऐकलेली गोष्ट गिऱ्हाइकाला जरूर सांगावी, पण किमतीत धरू नये.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर वागीश्वरी म्हणजे केरळातल्या आलप्पुळाचं काम. १९४० च्या दशकात तिथे हे कॅमेरे बनू लागले आणि देशभरच्या स्टुडिओंत गेले. म्हणजे तुमची लेन्स कॅमेऱ्याहून बरीच जुनी असणार, आजोबांनी किंवा आधीच्या कोणी नंतर बसवलेली. दोन्हींचं गिऱ्हाईक वेगळं असतं. तरी मी जोडी मोडणार नाही. त्या जोडीने पेठेतल्या माणसांचे फोटो काढलेत, आणि हौसेने घेणारा त्यासाठी चार पैसे जास्त मोजतो. भाता फाटलाय का, प्लेट होल्डर किती आहेत, घशी काच (मागची, जिच्यावर चित्र दिसतं ती) शाबूत आहे का, हे तेवढं कळवा.

गगनबावडा

लाकडी कॅमेरा विकूच नका. बाकी सगळं विका.

पेठेतली_लेक

@गगनबावडा, बाबांचंही तेच म्हणणं आहे. 😊 होल्डर तीन आहेत, काच शाबूत, भाता एका कोपऱ्यात विरलाय.

हुपरीकर

कॅमेरे सोडून एक विचारतो. निगेटिव्ह असतीलच ना ढिगाने? ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हमध्ये चांदी असते. आमच्या हुपरीत चांदीचाच धंदा, त्यामुळे माहिती आहे. भंगारवाले किलोवर घेतात. विकायचंच असेल तर ते फुकट देऊ नका.

सिल्व्हर_हॅलाइड

हुपरीकर, माहिती बरोबर आहे, पण हात जोडून सांगतो, निगेटिव्ह भंगारात देऊ नका. फिल्मवरची चांदी म्हणजेच तो फोटो. एका किलोतून मिळणारी चांदी किती, आणि त्यात जळणारी लग्नं, बारशी, तालमीतले पैलवान, गणपतीच्या मिरवणुका किती! पेठेतल्या एखाद्या घरात आजीचा एकमेव फोटो तुमच्या बाबांच्या निगेटिव्हमध्येच असेल.

हुपरीकर

ते मनात आलं नव्हतं. पटलं.

डेक्कनवाली

निगेटिव्ह अनोळखी व्यापाऱ्यालाही देऊ नका. त्यात लोकांचे चेहरे आहेत, पासपोर्टच्या नोंदवहीत नावं-पत्ते असतील. कॅमेरा विकताना ती वही सोबत जाऊ नये. ज्यांचे फोटो त्यांना परत देता आले तर उत्तमच.

तांबडापांढरा

मंगळवार पेठेतला तो जिन्यावरचा स्टुडिओ असेल तर माझा दहावीच्या फॉर्मचा फोटो तुमच्याच बाबांनी काढलाय! 'हनुवटी खाली, हसू नको' म्हणाले आणि मला नेमकं तेव्हाच हसू फुटलं. ती निगेटिव्ह मिळाली तर मी रोख विकत घेतो, भाव तुम्ही सांगा.

पेठेतली_लेक

तोच स्टुडिओ! बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले साल सांग, वही बघतो. पैसे घेणार नाहीत.

एफ_आठ

आता मूळ प्रश्नाकडे. ताईंनी सांगितलेल्या स्थितीवरून मी असं करीन.

१०५ आधी आणि एकटी विका. ही लेन्स पोर्ट्रेटसाठी नावाजलेली आहे, आणि आता अडॅप्टर लावून मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर वापरणारे, व्हिडिओवाले सगळे ती शोधतात. म्हणजे गिऱ्हाईक फक्त फिल्मवाल्यांपुरतं राहत नाही. छिद्राच्या कड्यावर आकड्यांची दुसरी, बारीक ओळ असेल तर ती एआय (निकॉनच्या लेन्स-जोडणीचा सुधारित प्रकार), म्हणजे १९७७ नंतरची किंवा तशी करून घेतलेली. नसेल तर ती एफएम२ वर बसवूच नका, कड घासते. ते जाहिरातीतही सांगावं लागेल.

एफएम२ बुरशीवाल्या ५० सोबत द्या. नव्याने फिल्म शिकणाऱ्याला लेन्ससकट कॅमेरा हवा असतो, आणि ५० स्वतंत्र विकून फार काही हाती येणार नाही. फोम आधी बदलून घ्या, त्याचा खर्च भरून निघेल.

याशिका आहे तशीच द्या, '१ सेकंदाला रेंगाळते, वरच्या लेन्समध्ये बुरशी, खालची स्वच्छ' असं लिहून. सर्व्हिसिंगचा खर्च करून तेवढा भाव वाढेल याची खात्री नाही, आणि घेणारे बरेचदा आपल्या माणसाकडूनच करून घेतात. हूड-फिल्टर वेगळे काढा. ते बे-१ मापाचे असतात, इतर टीएलआरवालेही (याशिकासारखे दोन लेन्सचे कॅमेरे वापरणारे) ते शोधत असतात.

मामिया एका बॅकसह एक संच, दुसरी बॅक सुटी. वजनदार आहे, म्हणून शक्यतो येऊन नेणारं गिऱ्हाईक बघा.

फ्लॅशला भाव कमी. जुन्या मेट्झचा ट्रिगर व्होल्टेज (फ्लॅशकडून कॅमेऱ्याच्या जोडणीवर येणारा) शेकडो व्होल्टपर्यंत असू शकतो, डिजिटल कॅमेऱ्यावर थेट लावला तर कॅमेरा जाईल. हे न सांगता विकू नका.

एनलार्जरला न्यायला माणूस मिळणं हीच किंमत. त्यावरची एल-निकॉर मात्र काढून वेगळी विका, मॅक्रोवाले (अगदी जवळून फोटो काढणारे) घेतात.

उद्यमनगरी

एफ_आठ यांचं बरोबर, याशिकाबाबत थोडा मतभेद. बाकी काही नाही, नुसतं घट्ट वंगण असेल तर ते अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि 'सगळे वेग चालू' लिहिता आलं की घेणारा घासाघीस करत नाही. ताई, कॅमेरा घेऊन या, उघडून बघतो. बघायचे पैसे नाहीत. फोमही तेव्हाच घालून देतो, त्याचं सामान पडलंय माझ्याकडे.

एक रोल मात्र टाकाच. धुतलेल्या निगेटिव्हचा फोटो जाहिरातीत लावला की दहा प्रश्न वाचतात.

डेक्कनवाली

मान्य, माझं मत बदललं. पण १०५, एफएम२, याशिका, मामिया एवढंच एकेक विका आणि बाकीचं एका माणसाला द्या. दिवाळीपर्यंत तेवढंच झेपेल.

पेठेतली_लेक

तसंच ठरवलंय. चार मोठ्या वस्तूंचे कागद झाले. नुसत्या त्या चारांची बेरीज, दुकानदारी भावाने धरली तरी, व्यापाऱ्याच्या एकगठ्ठ्याच्या वर जाते. बाबांनीच आज त्यांना फोन करून नाही म्हटलं. लाकडी कॅमेरा आणि पितळी लेन्स घरी राहणार. रोल बाबा स्वतः टाकणार आहेत. डेव्हलपिंगची टाकी अजून माळ्यावर आहे, डी-७६ (फिल्म धुवायचं रसायन) मागवलंय. जुन्या निगेटिव्हच्या पेट्या मी सालवार लावायला घेतल्यात. शनिवारी दोन्ही कॅमेरे घेऊन उद्यमनगरला येते.

उद्यमनगरी

या. दुपारी चारनंतर या, तोवर लेथवर असतो. दोन्हींतले सेल काढून आणा.

रंकाळ्याचा_वारा

एनलार्जर गेला नसेल तर मला हवाय. मुलीला डार्करूम शिकवायची आहे. एल-निकॉरसकट घेईन, लेन्सचा भाव वेगळा लावा, कागद करून सांगा. टेम्पो मी आणतो.